पाणाड्या

बीड जिल्ह्यातील तेलगावसारख्या गावांत जमिनीखालच्या पाण्याची जागा सांगणाऱ्याला ‘पाणाड्या’ म्हणतात; त्यातील ‘पाणी’ संस्कृत ‘पानीय’, म्हणजे पिण्याजोगे, यावरून प्राकृतातील ‘पाणिअ’मार्गे आले, मात्र पाणाड्याने दाखवलेले पाणी बहुधा उसालाच जाते. वराहमिहिराने सहाव्या शतकात ‘बृहत्संहिते’त या विद्येला ‘दकार्गल’ म्हटले (दक म्हणजे उदक, अर्गल म्हणजे अडसर) आणि झाडे व वारुळे यांवरून भूजलाच्या खुणा सांगितल्या. त्या नावापुढे ‘पाणाड्या’ अधिक रसरशीत वाटतो. बेसॉल्टच्या भेगांतील पाणी हुडकण्यासाठी आता जमिनीत वीज सोडून खडकाचा विद्युतरोध मोजतात. पाणाड्या मात्र तळहातावर नारळ धरून फिरतो आणि दोन्ही रीतींनी दाखवलेल्या जागेला शेतकरी ‘पॉइंट’च म्हणतो.