स्टार्कचे तेरा कोटी

दुबईत १९ डिसेंबर २०२३ रोजी झालेल्या आयपीएलच्या लिलावात कोलकाता नाइट रायडर्सने मिचेल स्टार्कला २४ कोटी ७५ लाखांना घेतले. तोवर एवढी बोली कुणालाही लागली नव्हती. पुढच्या मे महिन्यात कोलकात्याने चषक जिंकला. पहिल्या क्वालिफायरमध्ये आणि अंतिम सामन्यात, दोन्हीकडे सामनावीर स्टार्कच. त्यानंतर सहा महिन्यांनी, नोव्हेंबर २०२४ मध्ये जेद्दाच्या लिलावात त्याचे नाव पुन्हा पुकारले गेले आणि दिल्लीने त्याला ११ कोटी ७५ लाखांना घेतले. बरोबर तेरा कोटी कमी. मधल्या काळात त्याचा यॉर्कर तेरा कोटींनी बोथट झाला, असे त्याचा हाडवैरीही म्हणणार नाही.

मग ते तेरा कोटी होते कशाचे? पहिला लिलाव छोटा होता: बहुतेक संघ आधीच बांधलेले, थोड्याच जागा रिकाम्या, थैलीत उरलेले पैसे आणि समोर अव्वल वेगवान गोलंदाज मोजकेच. दुसऱ्यात संघ जवळजवळ मुळापासून उभे करायचे होते आणि एकाच थैलीत वीस-पंचवीस जण बसवायचे होते. म्हणजे भाव ठरला तो त्या दिवशी त्या दालनात कोण होते आणि कुणाच्या हातात किती उरले होते यावर.

ताऱ्यांच्या कमाईची चर्चा आपल्याकडे ‘एवढ्या पैशांची त्याची लायकी आहे का?’ या प्रश्नावर सुरू होते आणि तिथेच चिखलात रुतते. विवेचनासाठी तीन गोष्टी वेगळ्या काढाव्या लागतात. गुणांतला फरक ही पहिली. तो फरक किती जणांपर्यंत पोचतो, ही दुसरी. आणि त्यातून उभा राहिलेला पैसा कुणाकडे जायचा हे ठरवणारे नियम, ही तिसरी. पहिलीवर सगळे भांडतात, दुसरी अर्थशास्त्रज्ञांनी चांगली उलगडून ठेवली आहे. तिसरी निर्णायक आहे आणि तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते, असे माझे मत आहे.

दुसरीपासून सुरुवात करू. आल्फ्रेड मार्शलने आपल्या ‘प्रिन्सिपल्स ऑफ इकॉनॉमिक्स’मध्ये एलिझाबेथ बिलिंग्टन या गायिकेचा दाखला दिला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तिने एका हंगामात दहा हजार पौंड मिळवल्याचे सांगत. मार्शलचे म्हणणे असे की, उद्योगपतींच्या मिळकती कितीही वाढल्या तरी गायकाला त्या प्रमाणात पुढे जाता येणार नाही, कारण माणसाचा आवाज पोचून पोचून किती जणांपर्यंत पोचणार? ध्वनिमुद्रिकेने हे गृहीतक मोडले. शर्विन रोझेनने १९८१ मध्ये नेमके तिथूनच सूत्र उचलले आणि ‘द इकॉनॉमिक्स ऑफ सुपरस्टार्स’ हा निबंध लिहिला. त्याच्या दोनच अटी. दहा बरे गायक ऐकून एका उत्तम गायकाची भूक भागत नाही. आणि हजारांसाठी गायचे की कोटींसाठी, गायकाचे कष्ट तेवढेच राहतात. या दोन्ही अटी एकत्र आल्या की गुणांतला उन्नीस-बीसचा फरक मिळकतीत एकास शंभर होतो.

हे सूत्र तपासायला मराठी रंगभूमीइतकी चांगली प्रयोगशाळा मला माहीत नाही. नाटकात नटाचा मोबदला ‘नाइट’ने मोजतात. प्रयोग झाला की नाइट, रद्द झाला की काही नाही. नट कितीही लाडका असो, पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरात खुर्च्या हजाराच्या आसपास, आणि त्यापलीकडे हाउसफुल्लचा बोर्ड लावण्याखेरीज निर्माता काहीही करू शकत नाही. प्रशांत दामले यांनी नोव्हेंबर २०२२ मध्ये कारकिर्दीतला १२,५०० वा प्रयोग केला. एवढे प्रयोग करायला माणसाला अख्खी हयात रस्त्यावर, बसमध्ये आणि रंगपटात काढावी लागते. प्रत्येक प्रयोगाला हजार खुर्च्या भरल्या असे अगदी उदारपणे धरले तरी बेरीज होते सव्वा कोटी. आयपीएलचा एखादा मोठा सामना तेवढे प्रेक्षक एका संध्याकाळी सहज ओलांडतो. रंगमंचावरचा अव्वल नट आणि त्याच्या शेजारी उभा असलेला सहनट यांच्या नाइटमध्ये काही पटींचा फरक असतो; हजार पटींचा नसतो, असू शकत नाही. नाटकवाल्यांची समानतावृत्ती त्यामागे नाही, भिंती आहेत.

आणि याच नाटकांच्या रविवारच्या जाहिराती पाहा. नटाच्या नावाखाली बारीक अक्षरात ‘अमुक मालिका फेम’ असे छापलेले असते. पडद्याने मिळवलेली पोच खुर्च्यांच्या जगात उसनी आणली जाते. तिकीटबारीवर ज्याची किंमत वसूल होते तो अभिनय कितपत आणि ओळख कितपत, हे वेगळे करून दाखवता येत नाही.

इथे रोझेनची पहिली अट डळमळू लागते. मोशे अॅडलरने १९८५ मध्ये हीच फट दाखवली. त्याचा मुद्दा घरगुती आहे: कलेचा आनंद तिच्याबद्दल दुसऱ्याशी बोलण्यातही असतो. बोलायचे तर समोरच्यालाही तो कलाकार माहीत हवा. म्हणून लोक जिथे गर्दी आहे तिथे जातात आणि सारख्याच गुणाच्या दहा जणांतला एक जण तारा होतो. हे पुढे प्रत्यक्ष तपासले गेले. मॅथ्यू साल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात १४ हजारांवर लोकांना अनोळखी बँडची ४८ गाणी ऐकवली. काहींना फक्त गाण्यांची नावे दिसत. बाकीच्यांचे आठ वेगवेगळे गट केले आणि प्रत्येकाला आपापल्या गटातल्या आधीच्या लोकांनी कोणते गाणे किती वेळा उतरवून घेतले तो आकडाही दाखवला. एक गाणे असे निघाले की नुसत्या आवडीनुसार ते सव्विसाव्या क्रमांकावर होते. आठांपैकी एका गटात ते पहिले आले आणि दुसऱ्या एका गटात चाळिसावे. अगदी भिकार गाणी क्वचितच वर आली, अगदी सुंदर क्वचितच तळाला गेली. मधल्या पट्ट्यात मात्र नशिबाचे राज्य होते, आणि व्यवसायात उतरलेले बहुतेक लोक याच मधल्या पट्ट्यातले असतात.

पोच वाढली की एकवटणेही वाढते. अॅलन क्रूगर याने अमेरिकेतल्या संगीत मैफलींचा हिशेब मांडला होता: १९८२ मध्ये एकूण उत्पन्नातला २६ टक्के वाटा वरच्या एक टक्का कलाकारांकडे जाई, २०१७ मध्ये ६० टक्के. मैफल तर नाटकासारखीच जिवंत कला, तरी असे का? कारण मैफलीला यायचे की नाही हे घरी ऐकलेल्या ध्वनिमुद्रणावर ठरते. शिवाय नाट्यगृहाची जागा स्टेडियमने घेतली. टेलर स्विफ्टच्या ‘एराज’ दौऱ्यात १४९ कार्यक्रमांची एक कोटीवर तिकिटे खपली.

आता तिसरी गोष्ट. अर्थशास्त्रात ‘खंड’ हा शब्द जमिनीवरून आला. माणसाला दुसरीकडे जे मिळाले असते त्याच्या वर जे मिळते तो खंड. रणजी करंडकात २० पर्यंत सामने खेळलेल्या खेळाडूला दिवसाला ४० हजार रुपये मिळतात, असे दर २०२१ मध्ये जाहीर झाले. चार दिवसांचा सामना आणि साखळीत सात सामने धरले तर ११ लाख २० हजार. आयपीएलच्या २०२५ च्या लिलावात सर्वांत तळची पायाभूत किंमत ३० लाख होती. म्हणजे तळच्या खेळाडूच्या पदरातही खंड पडतो आणि वर तर जवळजवळ सगळा खंडच. खंडाचा गुण असा की तो कमी-जास्त केला तरी काम थांबत नाही. स्टार्क पावणेबारा कोटींनाही धावत येऊन टाकतोच. मग खंड कुणी घ्यायचा हे गुण ठरवत नाहीत, ते करार आणि ताकद ठरवतात.

प्रभात फिल्म कंपनीचे उदाहरण यासाठी फार बोलके आहे. कोल्हापुरात १९२९ मध्ये निघालेली आणि १९३३ मध्ये पुण्यात आलेली ही कंपनी नट, गायक, सुतार, शिंपी सगळ्यांना मासिक पगारावर ठेवी. शांता आपटे यांची ‘अमृतमंथन’, ‘कुंकू’, ‘गोपालकृष्ण’मधली लोकप्रियता अफाट होती, पण करार कंपनीचा होता. १९३९ मध्ये त्या स्टुडिओच्या फाटकाशी उपोषणाला बसल्या. पुढच्या वर्षी त्यांनी ‘जाऊ मी सिनेमात?’ हे पुस्तक लिहिले. बाईंचे गुण उपोषणाआधी आणि नंतर तेच होते. भांडण खंडाचे होते. मग महायुद्ध आले, काळ्या बाजारातला पैसा हाती घेऊन नवे निर्माते उतरले आणि एकेका चित्रपटासाठी ताऱ्यांना घसघशीत रक्कम मोजू लागले. पगारी व्यवस्था कोसळली. प्रेक्षक तेच, पडदा तोच. नियम बदलले आणि खंड स्टुडिओकडून नटाकडे सरकला.

आयपीएलमध्ये उलटी हालचाल दिसते, आणि ती कुणाला दिसू नये अशा बेताने दिसते. प्रक्षेपण हक्क २०१८ ते २०२२ या पाच वर्षांसाठी १६,३४७.५ कोटींना गेले. २०२३ ते २०२७ साठी ४८,३९० कोटींना. वर्षाला सुमारे ३,२७० कोटींवरून ९,६७८ कोटी, म्हणजे जवळजवळ तिप्पट. संघाची थैली, म्हणजे खेळाडूंवर खर्च करायची कमाल रक्कम, २०१८ ते २०२५ या काळात ८० कोटींवरून १२० कोटींवर गेली, म्हणजे दीडपट. संघ आठाचे दहा झाले. सगळ्या थैल्यांची बेरीज ६४० कोटींवरून १,२०० कोटी. प्रक्षेपण हक्कांच्या तुलनेत हे प्रमाण साधारण २० टक्क्यांवरून साडेबारा टक्क्यांवर आले. २०२५ पासून सामन्यागणिक साडेसात लाख रुपये वेगळे मिळू लागले, ते धरले तरी चौदाच्या आतच. अमेरिकेत एनबीएच्या खेळाडूंना सामूहिक करारानुसार बास्केटबॉलच्या उत्पन्नातला जवळपास निम्मा वाटा मिळतो, कारण तिथे त्यांची संघटना आहे आणि टाळेबंदीला तोंड देऊन ती वाटाघाटी करते.

जेद्दात ऋषभ पंतची बोली २० कोटी ७५ लाखांवर थांबली होती. दिल्लीने त्याला परत घेण्याचा हक्क वापरायचे म्हटले, लखनऊने एका झटक्यात २७ कोटी सांगितले आणि दिल्लीने मान हलवून नकार दिला. सव्वासहा कोटींची ती उडी दूरचित्रवाणीवर कितीदा दाखवली गेली असेल! पण थैली १२० कोटींचीच असल्यामुळे ती रक्कम मालकाच्या नफ्यातून गेली नाही. ती लखनऊच्या बाकीच्या खेळाडूंच्या वाट्यातून गेली. एका माणसाने थैलीतला साडेबावीस टक्के भाग घेतला आणि उरलेल्यात बाकी संघ बसवला. खेळाडूंना मिळाले किती हा प्रश्न अशा वेळी कुणी विचारत नाही. तारा एवढा झळाळतो की एकूण वाटा घटल्याचे ध्यानातच येत नाही.

उद्योगजगतात हेच सूत्र लावताना मात्र मी बिचकतो. झेव्हियर गॅबे आणि ऑगस्टिन लँडिए यांनी २००८ मध्ये दाखवले की १९८० ते २००३ या काळात अमेरिकी मुख्याधिकाऱ्यांचे पगार सहापट झाले आणि मोठ्या कंपन्यांची बाजारकिंमतही सहापट झाली. त्यांच्या गणितात अडीचशेव्या क्रमांकाच्या अधिकाऱ्याच्या जागी पहिल्या क्रमांकाचा बसवला तर कंपनीची किंमत जेमतेम ०.०१६ टक्क्याने वाढते. पण कंपनी अवाढव्य असल्याने तेवढ्यासाठीही भरमसाट पगार परवडतो. गणित देखणे आहे. अडचण अशी की गोलंदाजाचे बळी मोजता येतात, अधिकाऱ्याचे मोजणे कठीण. मरियान बर्ट्रांड आणि सेंधिल मुल्लईनाथन यांनी २००१ मध्ये तेल कंपन्यांचे आकडे तपासले तेव्हा खनिज तेलाचा भाव चढला की तिथल्या अधिकाऱ्यांचा पगारही चढतो असे आढळले. तेलाचा जागतिक भाव काही त्या अधिकाऱ्याने चढवलेला नव्हता.

लिलावात बोलीचा फलक उचलणारा स्वतःची थैली रिकामी करत असतो. कंपनीत पगार ठरवणारी समिती भागधारकांचे पैसे खर्च करते. आपल्या कंपनी कायद्याने (२०१३) सार्वजनिक कंपनीच्या एका व्यवस्थापकीय संचालकासाठी निव्वळ नफ्याच्या पाच टक्क्यांची मर्यादा घातली आहे, पण भागधारकांचा विशेष ठराव झाला की ती ओलांडता येते. आणि सूचिबद्ध कंपनीने संचालकाचा पगार कर्मचाऱ्यांच्या मध्यगत पगाराच्या किती पट आहे हे जाहीर करावे, असेही कलम १९७ मध्ये आहे. स्टार्कची किंमत आपल्याला हातोडा पडताक्षणी कळते. ही दुसरी किंमत वार्षिक अहवालाच्या शेवटी, परिशिष्टात, नाटकाच्या जाहिरातीतल्या ‘मालिका फेम’पेक्षाही बारीक अक्षरात छापलेली असते.