वऱ्हाडचा लाकडी बैल आणि सुताराचे वर्ष

श्रावणी अमावास्येला वऱ्हाडच्या गावोगावी पोळा भरतो, आणि तोरणाखाली मानाने उभ्या राहिलेल्या बैलजोड्या घरोघर पूजा घेऊन गोठ्यात परतल्यावर दुसऱ्या दिवशी, म्हणजे भाद्रपद शुद्ध प्रतिपदेस, मुलांचा तान्हा पोळा ठिकठिकाणी भरतो; त्या दिवशी चाकांवर उभे केलेले, पाठीवर झूल आणि शिंगांना बेगड ल्यालेले लाकडी बैल दोरीने ओढीत मुले दारोदार जातात आणि बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, घेऊन परततात. या सोहळ्याचे कौतुक सर्वांनाच आहे. परंतु तो बैल घडवावयास अवधी किती लागे आणि वर्षभर औजारांच्या रगाड्यात बुडालेल्या सुताराला तो मिळे तरी केव्हा, याचा विचार क्वचितच होतो. मला मात्र या प्रथेच्या इतिहासातला हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो.

तान्ह्या पोळ्याचा आरंभ नागपूरकर भोसल्यांपैकी दुसऱ्या रघूजीराजांच्या कारकीर्दीत, म्हणजे 1788 ते 1816 या काळात झाला, असे परंपरा सांगते. या कारकीर्दीच्या मध्यावरच भोसल्यांचा वऱ्हाडशी असलेला संबंध तुटला. तोवर या मुलखात निजाम आणि भोसले यांचा दोअमली अंमल होता आणि रयत दोन्ही सरकारांचा वसूल भरीत होती. 17 डिसेंबर 1803 च्या देवगावच्या तहाने भोसल्यांनी वर्धा नदीच्या पश्चिमेकडील मुलूख सोडला, आणि गाविलगड व नरनाळा हे दोन किल्ले तेवढे काही वर्षे त्यांच्याकडे राहिले. राजसत्ता अशी नदीपलीकडे हटली, तरी मुलांचा पोळा नदीच्या दोन्ही तीरांवर नांदत राहिला. कारण त्याचा आधार सनदेत नव्हता, तो गावच्या सुताराच्या हातात होता.

त्या सुताराचे वर्ष पाहिले पाहिजे. मृग नक्षत्रापूर्वी गावातील प्रत्येक वखर, तिफण आणि जू दुरुस्त होऊन शेतात पोचलेच पाहिजे, ही त्याची पहिली मुदत, आणि ती चुकली तर एका घराचा हंगाम हातचा जाई. पेरणी आटोपते न आटोपते तोच डवरणीसाठी डवरे येत. दसऱ्यानंतर कापसाची वेचणी सुरू झाली की बंड्यांचे तुंबे, आरे आणि पुठ्ठे यांची निकड लागे, आणि उन्हाळ्यात लोहाराच्या जोडीने चाकांवर तापलेली धाव चढवावयाची असे. या चक्रात एकच सैल जागा होती. श्रावणात वऱ्हाडची काळी जमीन इतकी चिकट होते की बंडीचे चाक शिवारात फिरत नाही. पीक उभे असते, आणि नागपंचमीला तर नांगर धरू नये असा दंडकच आहे. नागपंचमीपासून पोळ्यापर्यंतच्या या 25 तिथी म्हणजे लाकडी बैलाचा हंगाम.

हंगाम श्रावणात असला तरी कामाची सुरुवात पुष्कळ आधी करावी लागे, कारण ओल्या लाकडाचा बैल दिवाळीच्या आतच पोटाला तडकतो. म्हणून जाणता कारागीर मोडक्या चौकटीचे जुने सागवान उन्हाळ्यातच बाजूला काढून माळ्यावर टाकी. धड एका ठोकळ्यातून वाकसाने उतरविले जाई. पाय निराळे घडवून कुसू पाडून बसविले जात. वशिंड आणि मानेखालची पोळी यांना पटाशीचा हलका हात लागे, आणि येथे घाई करणाराची फजिती ठरलेली, कारण वशिंडावरचा एक ढलपा जास्त उडाला की बैलाचे वासरू होई. प्रमाणासाठी त्याला फूटपट्टीची गरज नसे. ज्याने गावातील एकेका जोडीच्या खांद्याकडे पाहून जू तासले आहे, त्याच्या नजरेत त्या जनावराची उंची, छाती आणि शिंगांची ठेवण कायमची बसलेली असते. गिऱ्हाईकही तितकेच चिकित्सक: शेतकऱ्याच्या सात वर्षांच्या मुलाला आखूड शिंग तत्काळ खुपते. मग रंग. श्रावणाच्या दमट हवेत एक हात पुरता वाळल्याशिवाय दुसरा चढवला तर रंगाला पोपडे धरतात. म्हणून अंग आधी रंगवून बैल वळचणीखाली ठेवीत, आणि डोळे व शिंगे अखेरीस काढीत.

कुंभाराची अडचण याहून बिकट. ज्याच्या दावणीला बैल नाही त्याच्या घरी मातीच्या बैलाची पूजा होते, आणि हे बैल ऐन पावसात वाळवावयाचे असतात. लीद मिसळलेल्या मातीचे पाय आधी करून ते धडाचा भार पेलण्याइतके घट्ट होईपर्यंत हात आवरावा लागतो. नंतर धड, मग मान, शिंगे शेवटी. चुलीशी ठेवून वाळवण्याचा उतावीळपणा केला की सांध्याला भेग पडते.

हा संथपणा बलुत्याच्या व्यवस्थेत निभावला. शेतीच्या औजारांबद्दल सुताराला वर्षाचे धान्य खळ्यावर मिळे, त्यामुळे श्रावणात हात रिकामे राहिले तरी चूल विझत नसे. या व्यवस्थेत अन्यायही पुष्कळ होता. दुष्काळात खळेच रिकामे राहिले की बलुतेदाराचा हक्क कागदावर उरे, हे विसरून तिचे गोडवे गाणे योग्य नव्हे. 1853 मध्ये वऱ्हाड इंग्रजांकडे गेले, 1867 मध्ये लोहमार्ग नागपूरपर्यंत पोचला, पुढे 1871 मध्ये बडनेऱ्याहून अमरावतीस फाटा निघाला. कापसाच्या उलाढालीने रोख पैसा आला आणि सुताराच्या दिवसाला रोजाचा भाव आला. त्यानंतर ट्रॅक्टरने वखर आणि बंडी दोन्ही हिरावली. ज्याला बैलाच्या खांद्याशी वर्षभर काम पडत नाही, त्याने घडविलेल्या बैलाची मान ताठर निघते. पोळ्याच्या आदल्या आठवड्यात बाजारात मांडलेले ओल्या लाकडाचे, एका हातात रंगविलेले बैल पाहिले की मला खरोखर वाईट वाटते. पण त्याचा दोष कारागिरावर ठेवणे अन्यायाचे आहे, कारण त्याला सवड देणारे कोणी उरलेले नाही.

ती सवड गिऱ्हाईक अजूनही देऊ शकते. अमरावती-अकोल्याकडे ज्यांच्या ओळखीचा असा सुतार असेल, त्यांनी नातवंडांचा बैल पोळ्याच्या तोंडावर मागू नये. अक्षय्य तृतीयेला सांगावा, निम्मे पैसे तेव्हाच द्यावेत, आणि श्रावण संपेपर्यंत तगादा लावू नये.