निळ्या दाताचा राजा

आमच्या गाडीच्या स्टिअरिंगवर डाव्या अंगठ्याखाली एक बटण आहे. त्यावर टेलिफोनच्या रिसीव्हरचे चित्र आहे. तो जुना, काळा, वजनदार रिसीव्हर, जो आता पोस्टातसुद्धा क्वचितच दिसतो. हे बटण बारा वर्षे मुके होते. दाबले की आत जाई, सोडले की वर येई. बस्स, एवढेच त्याचे कर्तृत्व! दादा थट्टेने म्हणायचा, "हा फोन थेट दिल्लीला लागतो. म्हणून मी सहसा दाबत नाही."

गाडी दादाची. २००८ साली त्याने ती नवी कोरी घेतली आणि पोटच्या पोरीसारखी सांभाळली. तो २०२० साली गेला. वर्षश्राद्धानंतर वहिनींनी किल्ली माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाल्या, "भावजी, विकायला मन होत नाही. तुम्ही चालवा." खेड्यातल्या शाळामास्तराला ही गाडी पेलणारी नव्हती, पण नाही कोणत्या तोंडाने म्हणणार?

पुढच्याच पावसाळ्यात सासूबाई आजारी पडल्या. सौ. चिपळूणला त्यांच्या उशाशी, आणि मी दर शनिवारी शाळा सुटली की मुलीला घेऊन कुंभार्ली घाट उतरायचो. अशाच एका संध्याकाळी, धुके दाटलेले, मुलगी मागच्या सीटवर झोपलेली, आणि खिशातला फोन वाजला. एरवी मी घेतला नसता. पण घरात कुणी अत्यवस्थ असले म्हणजे प्रत्येक घंटा तीच घंटा वाटते. मी खिशात हात घातला. मान वर केली तेव्हा कठड्याचे पांढरे दगड दिव्यांच्या उजेडात हातभर अंतरावर उभे होते.

गाडी थांबली. मुलगी जागीही झाली नाही. फोन सौ.चा होता; येताना नारळ आणा, एवढेच सांगायचे होते.

रात्री तिला हे सांगितल्यावर ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "अहो, माझा फोन घेताना तुम्हा दोघांना काही झालं असतं तर मी कुणाला फोन केला असता?" याचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यातही हातात फोन धरून गाडी चालवणे हे धोकादायक चालवणे ठरले आहे. पण सौ.चा प्रश्न कायद्यापेक्षा जड होता.

उपाय शोधायला निघालो. प्रथम बाजारातून सिगारेटच्या भोकात खुपसायचे एक यंत्र आणले. ते फोनवरचा आवाज चिमुकल्या रेडिओकेंद्रासारखे प्रक्षेपित करते आणि गाडीचा रेडिओ तो पकडतो. कल्पना झकास! परंतु मुख्याध्यापकांचे बोलणे ऐन रंगात आले असता मध्येच आकाशवाणीवरून सोयाबीनवरच्या किडीची माहिती सुरू झाली, आणि मी दोघांनाही "होय साहेब" म्हणत राहिलो. नंतर डोक्यावरच्या झडपेला अडकवायचा कर्णा आणला. तो खड्ड्याखड्ड्याला मांडीवर पडे. शेवटी एका दुकानदाराने सल्ला दिला, "गुरुजी, गाडीच बदला." तो सल्ला मी तिथेच ठेवून आलो.

कराडच्या एका तरुण मिस्त्रीने मात्र पहिल्याच दिवशी त्या मुक्या बटणावर बोट ठेवले. "गुरुजी, हे नकली नाही. कारखान्यात सगळ्या गाड्यांना एकच स्टिअरिंग बसवायचे. ज्यांनी जास्तीचे पैसे भरले त्यांच्या गाडीत फोनची पेटी घातली, बाकीच्यांच्या नाही. तुमच्या गाडीला तोंड आहे, कान नाही. भंगारात निघालेल्या गाडीची पेटी कुर्ल्याहून मागवतो."

पेटी यायला तीन आठवडे लागले. शिक्षकाला एखादी गोष्ट अडून बसली की तो तिचा इतिहास वाचू लागतो. ही आमची जुनी खोड. त्या तीन आठवड्यांत मी वाचले, ते थोडे वाचकांनाही सांगावेसे वाटते.

मोटारीत टेलिफोन हे वेड आजचे नाही. १७ जून १९४६ रोजी अमेरिकेतल्या सेंट लुई शहरात बेल कंपनीने मोटारींसाठी टेलिफोनची सेवा सुरू केली. यंत्राचे वजन सुमारे ३६ किलो, म्हणजे आमच्या सातवीतल्या एखाद्या पोराएवढे. ते डिकीत बसायचे. नंबर आपण फिरवायचा नाही, मधल्या बाईंना सांगायचा. बोलताना कळ दाबायची, ऐकताना सोडायची. एका वेळी शहरात मोजक्याच लोकांना बोलता येई. बाकीच्यांनी त्यांचे संपायची वाट पाहायची. दहा वर्षांनी, १९५६ साली, स्वीडनने मधल्या बाईंना रजा दिली आणि मोटारीतून आपोआप लागणारा टेलिफोन काढला. वजन मात्र ४० किलोंच्या घरातच राहिले. आपल्याकडे पहिला मोबाइल फोन झाला तो ३१ जुलै १९९५ रोजी. कलकत्त्याहून ज्योती बसू बोलले आणि दिल्लीत सुखराम यांनी ऐकले.

फोन खिशात मावू लागला आणि मोटारीतल्या यंत्राची गरज संपली, असे सगळ्यांना वाटले. झाले उलटेच. डिकीत होता तोवर त्याचे बोलणे गाडीशी जुळलेले होते. खिशात गेला आणि गाडीला परका झाला. त्या दोघांची पुन्हा ओळख करून द्यायची तर मध्ये तार नको होती. १९९४ साली स्वीडनमधल्या लुंड गावी एरिक्सन कंपनीत याप हार्टसेन नावाचे डच इंजिनिअर याच कामाला लागले: दहा-वीस पावलांच्या आत, थोडक्या विजेवर, बिनतारी बोलणे. या लहरी ज्या पट्ट्यात चालतात तो पट्टा सर्वांना मोकळा, म्हणजे गावच्या गायरानासारखा. वाटेल त्याचे ढोर तिथे चरते. घरातली मायक्रोवेव्हची भट्टीसुद्धा तिथेच गुरगुरते. मग आपला आवाज शाबूत कसा राहावा? तर एका जागी थांबायचेच नाही. ७९ वाटा आखल्या आणि सेकंदाला १६०० वेळा वाट बदलायची, असे ठरले. बोलणारा आणि ऐकणारा, दोघांनाही उड्यांचा क्रम ठाऊक असला की झाले.

या उड्यांची एक आजी मोठी देखणी होती. हेडी लमार ही हॉलिवूडची नटी आणि जॉर्ज अँथाइल हा संगीतकार, या दोघांनी ११ ऑगस्ट १९४२ रोजी पेटंट मिळवले. पाण्यातल्या पाणतीराला बिनतारी आज्ञा द्यायच्या, आणि शत्रूने त्या अडवू नयेत म्हणून ८८ लहरींवर उड्या मारायच्या. ८८ का? पियानोला तेवढ्या पट्ट्या असतात म्हणून! आरमाराने तेव्हा ते बाजूला ठेवले. हार्टसेनांनी ते वाचून आपले यंत्र केले, असे मी म्हणत नाही. पण कुळ एकच.

आता नाव. १९९७ साली इंटेल कंपनीचे जिम कार्डाक आणि एरिक्सनचे स्वेन मॅटिसन एकमेकांना आपापल्या देशांचा इतिहास सांगत बसले होते. दिवसा यंत्राच्या गोष्टी, रात्री राजांच्या. मॅटिसनांनी व्हायकिंगांच्या कादंबरीचे नाव काढले. कार्डाकांनी घरी येऊन पुस्तके चाळली, आणि त्यांना भेटला डेन्मार्कचा राजा हॅराल्ड. दहाव्या शतकातला. टोपणनाव ब्लोटान, म्हणजे निळा दात. त्याचा एक दात मरून काळानिळा पडला होता, असे म्हणतात. त्याने डेन लोकांना एका छत्राखाली आणले; आपल्यालाही संगणकवाले आणि फोनवाले एका छत्राखाली आणायचे आहेत, तेव्हा तात्पुरते हेच नाव राहू द्या, असे कार्डाकांनी सुचवले. १९९८ साली एरिक्सन, नोकिया, आयबीएम, इंटेल आणि तोशिबा यांचा संघ झाला. रीतसर नाव पुढे ठेवायचे होते. पण दुसरी नावे कायद्याच्या चाळणीत अडकली आणि तात्पुरते तेच कायमचे झाले. आमच्याकडे बंड्या आणि छकुलीची जी कथा, तीच ही! फोनवर दिसणारी ती निळी खूण म्हणजे हॅराल्डच्या नावाची दोन प्राचीन अक्षरे, एकमेकांत गुंतलेली.

या हॅराल्डने जटलंडमध्ये येलिंग येथे एक मोठा शिलालेख उभा केला. तो अजून जागेवर आहे. गोर्म हा आपला बाप आणि थिरा ही आई, यांच्या स्मरणार्थ हा दगड उभारला, असे त्यावर कोरले आहे. पराक्रमाचे वर्णन पुढे येते, आधी आईबाप. हे वाचून मी पुस्तक थोडा वेळ मिटून ठेवले.

असो. पेटी आली. मी मिस्त्रीपाशी दिवसभर बसलो. त्याने बॅटरीची तार सोडली, रेडिओ बाहेर काढला, छताचे कापड हळूच उचकून आरशाजवळच्या दिव्यात मायक्रोफोन बसवला. त्याची तार खांबातून खाली नेताना तो श्वाससुद्धा जपून घेत होता, कारण तिथे अपघातात फुगणाऱ्या पिशव्या दडलेल्या असतात. पेटी डाव्या सीटखाली गेली. मला वाटले, आता शंभर तारा जोडायच्या. त्याने एकमेकींना पीळ घातलेल्या दोनच बारीक तारा दाखवल्या. गाडीतल्या पेट्या या दोन तारांवरूनच आपसात बोलतात. ही युक्ती बॉश कंपनीने १९८६ साली मांडली. त्याआधी प्रत्येक बोलण्याला वेगळी तार लागे.

सगळे जोडले, किल्ली फिरवली, बटण दाबले. बटण मुकेच! मी खट्टू झालो. मिस्त्री हसला. "गुरुजी, पेटी आली हे गाडीला अजून कुणी सांगितलंच नाही." त्याने स्टिअरिंगखालच्या खाचेत संगणकाची तार लावली आणि गाडीच्या नोंदवहीत, जिथे 'फोन नाही' असे लिहिले होते, तिथे 'आहे' केले. हजेरीपटावर नाव चढल्याखेरीज पोरगा वर्गात असून नसल्यासारखा. हे मला समजावून सांगावे लागले नाही.

मग मी बटण दाबले. गाणे थांबले आणि चारही कोपऱ्यांतून चिपळूणची सौ. बोलली, "अहो, आवाज किती स्वच्छ येतोय!" तिचा आवाज कर्ण्यांतून निघून मायक्रोफोनात शिरतो, तरी तिचा तिलाच परत ऐकू जात नाही. पेटी तो ओळखून वजा करते. या विद्येचा पाया घालणाऱ्यांत बेल प्रयोगशाळेतले मनमोहन सोंधी हे मूळचे भारतीय शास्त्रज्ञ होते. त्यांचा लेख १९६७ सालचा. दिवाळीच्या अंकात हे नाव कुणी तरी छापायलाच हवे होते.

हात मोकळे झाले म्हणजे लक्ष मोकळे झाले, असे मात्र नाही. उटा विद्यापीठातल्या डेव्हिड स्ट्रेयर यांनी प्रयोगांनी दाखवले, की हात न लावता बोलणारा चालकही समोरचे पाहून न पाहिल्यासारखा होतो. मी हे सौ.ला वाचून दाखवले. तिने लगेच कायदा केला: घाटात 'हो', 'नाही' आणि 'पोचल्यावर बोलू', एवढेच तीन शब्दप्रयोग.

एक गोष्ट राहिली. माझा फोन त्या पेटीशी जोडताना पडद्यावर आधीचे एक नाव उमटले. भंगारात गेलेल्या गाडीतल्या कुणाच्या तरी फोनचे. 'बाबा.'

"जुनी नोंद आहे. पुसतो," मिस्त्री म्हणाला.

"किती फोनांची जागा आहे?"

"चार."

"मग राहू दे."

अजूनही किल्ली फिरवली की पेटी आधी ते नाव पडद्यावर आणते आणि शोधू लागते. चार-पाच सेकंद जातात. मग माझ्याकडे वळते. मुलीला आता सवय झाली आहे. ती पट्टा लावता लावता विचारते, "सापडला का हो त्यांचा फोन?"

"नाही अजून," मी म्हणतो आणि गिअर टाकतो.