टन लिहिण्याआधी टब विचारा

समजा, तुम्ही विदर्भातल्या कोळशाच्या इतिहासावर काम करायचं ठरवलंय. पहिल्याच आठवड्यात जुन्या सरकारी अहवालातला एक तक्ता हाती लागतो: वर्ष, खाण, टन. तुम्ही खूश होऊन आकडे एक्सेलमध्ये भरता. मीही तेच केलं होतं. चार महिन्यांनी तो सगळा तक्ता पुन्हा करावा लागला, कारण तो टन कुठल्या भांड्यात मोजला गेला हा साधा प्रश्न मी विचारलाच नव्हता. आजची पोस्ट त्या प्रश्नाबद्दल आहे.

आपलं उदाहरण वर्ध्याच्या शेजारचंच घेऊ. मुंबईहून आलेला जी.आय.पी. रेल्वेचा मार्ग १८६७ मध्ये वर्ध्यावरून नागपूरला पोचला. पुढच्या दशकात वर्ध्याहून हिंगणघाटमार्गे वरोऱ्यापर्यंत एक फाटा काढला गेला. त्याचं नाव होतं ‘वर्धा कोल स्टेट रेल्वे’. हिंगणघाटचा कापूस या फाट्याला मिळाला खरा, पण कोळसा नावातच होता. वरोऱ्याची खाण सरकार स्वतः चालवत होतं आणि ती १९०६ मध्ये बंद झाली. फाटा मात्र राहिला. १९२९ मध्ये बल्लारशा-काझीपेठ जोडणी पूर्ण झाल्यावर तो दिल्ली-मद्रास मार्गाचा भाग बनला. आज सेवाग्रामहून चेन्नईकडे जाताना तुम्ही त्याच जुन्या कोळशाच्या वाटेने जाता.

आता जमिनीखाली जाऊ. त्या काळच्या कोळसा खाणींची सर्वसाधारण पद्धत अशी: कामगार कोळसा तोडायचा, तो टोपलीत भरला जायचा, टोपल्या टबात रिकाम्या व्हायच्या. टब म्हणजे रुळांवरून ढकलायचा चाकांचा डबा. टब वर आला की कोळसा ढिगावर पडायचा किंवा थेट वॅगनमध्ये जायचा. म्हणजे तेच ढेकूळ टोपली, टब, ढीग आणि वॅगन अशा चार ठिकाणी मोजता येतं. अहवालात मात्र शेवटी एकच शब्द उरतो, टन.

हे महत्त्वाचं का? कारण हिंदुस्थानातल्या कोळसा खाणींत मजुरी बहुतेक टबावर मिळायची. स्वातंत्र्यानंतरच्या मजुरी निवाड्यांतही ३६ घनफुटांचा टब हे प्रमाण माप दिसतं. ३६ घनफूट म्हणजे एक घनमीटरपेक्षा किंचित जास्त. फुटलेला कोळसा त्यात साधारण ८०० ते ९०० किलो बसतो.

आता एक हिशोब स्वतः करून बघा. टब ४ फूट लांब, ३ फूट रुंद, ३ फूट खोल धरा. काठोकाठ भरला तर ३६ घनफूट. मुकादम म्हणाला, ‘वर शीग लाव,’ आणि कोळसा सरासरी तीन इंच वर चढला, तर ३ घनफूट जास्त गेले. म्हणजे बारा टबांमागे एक टब फुकट! उलट, अर्धवट भरला म्हणून टब नाकारला तर भरलेल्याचेही पैसे नाहीत. टनांच्या तक्त्यात हे भांडण दिसणार नाही. टनाला शीग नसते.

आणखी एक गोष्ट टनात बुडते. अनेक खाणींत नवरा कोळसा तोडायचा आणि बायको टोपली वाहायची, पण टब एकाच नावावर लागायचा. १९२९ च्या नियमांनी बायकांना भूगर्भातल्या कामातून टप्प्याटप्प्याने बाहेर काढायला सुरुवात केली. तुमच्याकडे फक्त टन असतील तर त्या बायका तिथे होत्या हेही कळणार नाही आणि गेल्या हेही नाही. टोपलीबद्दल विचारलंत तरच त्या दिसतील.

साठवणीचंही तसंच. वर्धा खोऱ्यातल्या कोळशात ओल बरीच. उघड्यावर तो सुकतो, तडकतो, चुरा होतो. मोठा ढीग फार दिवस ठेवला तर आतून तापून पेट घेऊ शकतो. त्यातला काही कोळसा खाणीच्याच बॉयलरला लागतो. म्हणून ‘काढलेले टन’ आणि ‘रवाना झालेले टन’ जुळले नाहीत तर लगेच कारकुनाची चूक किंवा चोरी समजू नका. दोन्ही आकडे खरे असू शकतात, फक्त भांडी वेगळी.

‘हे सगळं जुनं झालं’ असं वाटतंय? वर्धा जिल्ह्यातच सिंदी रेल्वेला ड्राय पोर्टची पायाभरणी २०१७ मध्ये झाली. तिथला विषय कंटेनरचा, म्हणजे बंद डब्याचा. पहिलं प्रसिद्ध कंटेनर जहाज १९५६ मध्ये अमेरिकेतल्या नेवार्कहून ५८ डबे घेऊन निघालं. त्यानंतर साठ वर्षांनी, १ जुलै २०१६ पासून, भरलेल्या कंटेनरचं पडताळलेलं वजन कळवल्याशिवाय तो जहाजावर चढवायचा नाही असा आंतरराष्ट्रीय नियम लागू झाला. डब्यात किती आहे आणि ते कोणी सांगायचं, हा टबाचाच प्रश्न बंदरापर्यंत पोचला.

तेव्हा तक्ता करताना टनाच्या शेजारी तीन रकाने वाढवा: कशात मोजलं, कुठे मोजलं, कोणी मोजलं. टनही नीट तपासा. ब्रिटिश टन १,०१६ किलोचा, आपला मेट्रिक टन १,००० किलोचा आणि बंगाली मण सुमारे ३७.३ किलोचा. बरेच रकाने रिकामे राहतील. राहू द्या, पुसू नका. माझ्या प्रबंधातलं मजुरीचं प्रकरण त्या रिकाम्या रकान्यांतूनच निघालं. तक्ता भरल्यावर दिसलं की टन जवळपास प्रत्येक वर्षाचे आहेत, आणि टब कोणी, किती भरला हे जवळपास कुठेच नाही.