मोफत वकील लक्ष देत नसेल तर: मुलांच्या पोटगीच्या प्रकरणात काय करावे?

न्हावा शेवा, उरण भागातील भगिनी मुलांच्या पोटगीसाठी विधी सेवा समितीकडून वकील घेतात. पुढे ‘साहेब फोन उचलत नाहीत, नुसत्या तारखा पडतात’ ही तक्रार सुरू होते. फुकटचा वकील म्हणून गप्प बसावे, हे आम्हाला मान्य नाही. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार ही मदत हक्काची आहे. महिला व बालकांना त्यात उत्पन्नाची अट नाही. (बौद्ध म्हणून जातीचा कोणता दाखला जोडायचा, हा घोळही इथे येत नाही, महिला असणे पुरेसे.)

वकील बदलून मागता येतो. तालुका विधी सेवा समितीकडे किंवा अलिबागच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे लेखी अर्ज द्यावा, वकील गैरहजर राहिलेल्या तारखा लिहाव्यात, पोच घ्यावी. हेल्पलाइन १५१००. वकिलाने पैसे मागितले असतील तर तेही लिहावे. पक्षकाराकडून फी घेण्यास त्याला मनाई आहे. तोवर स्वतः तारीख चुकवू नये.

अंतरिम पोटगीचा अर्ज झाला आहे का, हे आधी विचारावे. नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत तो निकाली निघायला हवा. ‘रजनेश विरुद्ध नेहा’ (२०२०) निकालानुसार दोन्ही पक्षांना उत्पन्न व मालमत्तेचे शपथपत्र द्यावे लागते. बंदरात कंत्राटावर असलेला बाप पगार लपवतो तेव्हा हेच उपयोगी पडते.

खरे नुकसान थकबाकीत होते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ प्रमाणे, रक्कम देय झाल्यापासून वर्षभरात वसुलीचा अर्ज केला नाही तर तिच्यासाठी वॉरंट निघत नाही.