एकोणीस मिलिमीटरचा माणूस

(पोस्ट मोठी आहे. सवडीने वाचा, पण शेवटपर्यंत वाचा. विषय रेल्वेचा वाटेल, पण शेवटी आपल्या भिवंडीचा आहे.)

रेल्वेचा इतिहास म्हटलं की आपल्याला तारीख पाठ असते. १६ एप्रिल १८५३. बोरीबंदर ते ठाणे, ३४ किलोमीटर, १४ डबे, ४०० पाहुणे, २१ तोफांची सलामी. इंजिनं तीन: साहेब, सिंध आणि सुलतान. शाळेत विचारतात, स्पर्धा परीक्षेला विचारतात, दर १६ एप्रिलला व्हॉट्सॲपवर फिरतं.

आता मी एक साधा प्रश्न विचारतो. त्या इंजिनांचा रंग कोणता होता? डब्यांचा कोणता? कोळसा टाकणाऱ्या फायरमनच्या अंगात काय होतं, डोक्याला काय होतं?

ती गाडी आपल्या डोळ्यांसमोर येते ती जुन्या छापील चित्रांवरून. काळ्या शाईची कोरीव चित्रं. त्यात धूर आहे, गर्दी आहे, रंग नाही. आपलं काही अडत नाही. पण या प्रश्नापाशी ज्यांचं काम अडून बसतं अशी माणसं आहेत. छोट्या आगगाड्या बनवून रंगवणारी माणसं. लोक त्यांना हौशी म्हणतात, घरचे "एवढे मोठे झाले तरी खेळतायत" म्हणतात. माझ्या मते ते इतिहासाचं काम करतात.

आधी थोडी पार्श्वभूमी. खेळण्यातल्या रेल्वेला शिस्त लावली जर्मनीच्या मार्कलिन कंपनीने. १८९१ साली लाइपझिगच्या जत्रेत तिने ठरावीक मापाच्या रुळांवरच्या गाड्या मांडल्या. म्हणजे आज इंजिन घ्या, पुढच्या वर्षी डबा घ्या, दोन्ही एकाच रुळावर धावणार. इंग्लंडमध्ये फ्रँक हॉर्नबी यांनी १९२० मध्ये चावीची गाडी आणली. पुढे घरं लहान झाली, तशा गाड्याही लहान झाल्या. ओ नावाचं एक माप होतं, त्याचं निम्मं म्हणून एचओ. आज जगात सगळ्यात जास्त चालणारं माप हेच. प्रमाण १:८७. खऱ्या वस्तूचे ८७ भाग करा, त्यातला एक म्हणजे मॉडेल.

या मापात साडेपाच फुटी माणूस होतो जेमतेम १९ मिलिमीटरचा. त्याचं डोकं मोठ्या मोहरीएवढं. बोरीबंदर ते ठाणे अंतर होतं ३९० मीटर.

आता आपली अडचण बघा. एचओच्या रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर. ते युरोप-अमेरिकेच्या १४३५ मिलिमीटरच्या रुळांवरून आलेलं. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर. ८७ ने भागलं तर १९ मिलिमीटरच्या थोडं वर येतं. म्हणजे बाजारातल्या तयार रुळावर भारतीय गाडी ठेवायची तर ती पायात पाय अडकवून उभी राहिल्यासारखी, तीन मिलिमीटर आखडून. आपल्या माणसाने मॉडेल करायचं ठरवलं की पहिली तडजोड रुळापासूनच सुरू होते.

तरीही हे काम महाराष्ट्रात झालं आहे. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी आयुष्यभराच्या छंदातून छोट्या रेल्वेचं संग्रहालय उभं केलं. १ एप्रिल १९९८ रोजी ते लोकांसाठी खुलं झालं. एका दालनात अख्खं शहर मांडलं आहे. सिग्नल, उड्डाणपूल, सर्कस, पोहण्याचा तलाव, आणि मधून वाफेच्या इंजिनापासून बुलेट ट्रेनपर्यंत गाड्या धावतात. मी ते पाहिलं तेव्हा दिवे मंद करून रात्र केली, आणि शेजारच्या आजोबांनी नातवाच्या आधी टाळी वाजवली. एका माणसाच्या हट्टातून झालेलं काम आहे हे, लक्षात ठेवा.

आता रंगाकडे येतो. ते कसं चालतं हे मला नीट सांगितलं आमच्या ओळखीतल्या एका काकांनी. कल्याणच्या लोको शेडमधून निवृत्त झालेले. घरी पत्र्याच्या पेटीत त्यांची चार इंजिनं आहेत, प्लॅस्टिकच्या पत्र्यातून कापून केलेली.

मी त्यांना विचारलं, "काका, इंजिन तर नवं कोरं चकचकीत छान दिसतं. तुम्ही रंगवून झाल्यावर परत घाण का करता?"

ते म्हणाले, "अरे, चकचकीत इंजिन शेडमध्ये कधी पाहिलंयस का तू? घाण म्हणजे त्याने काय काय काम केलं त्याची नोंद आहे. घाण चुकली की इंजिन खोटं."

मग ते पायऱ्या सांगत गेले. मॉडेल आधी साबणाच्या पाण्याने धुवायचं, बोटाचं तेल राहिलं तर रंग धरत नाही. मग करड्या प्रायमरचा पातळ हात. मग मूळ रंग, दोन-तीन पातळ हातांत, जाड एका हातात कधीच नाही, नाहीतर रिव्हेट बुजतात. रंग खऱ्या रंगापेक्षा थोडा फिका घ्यायचा, कारण लहान वस्तूवर तोच रंग जास्त गडद दिसतो. पट्टे मास्किंग टेप लावून. त्यानंतर खरं काम सुरू. काळपट तपकिरी रंग पाण्यासारखा पातळ करून सोडायचा, तो खाचाखोचांत जाऊन बसतो आणि सावली तयार होते. मग ब्रश जवळजवळ कोरडा करून उंचवट्यांवरून फिरवायचा, कडा उठून येतात. वाफेच्या इंजिनाच्या बॉयलरवर पांढरट ओघळ, कारण पाण्यातला क्षार तिथे सुकतो. डिझेलच्या छतावर धुराड्याभोवती काजळी. चाकांवर आणि बोगीवर गंजासारखा तांबूस थर, तो ब्रेकच्या बिडाच्या भुकटीचा. शेवटी चमक मारायला मॅट वार्निश.

कोणती घाण कुठे पडते आणि का पडते, हे माहीत असल्याशिवाय हे रंगवता येत नाही. शेडमध्ये तीस वर्षं काढलेल्या माणसाच्या हाताला ते माहीत असतं. कुठल्या पुस्तकात ते सहसा सापडत नाही.

काकांच्या पेटीत एक खेकडा आहे. जुन्या लोकांना आठवेल. १९२८ च्या सुमारास जीआयपी रेल्वेने घाटात मालगाड्या ओढायला विजेची इंजिनं आणली. एकूण ४१. काही स्वित्झर्लंडमध्ये बनलेली, बाकीची इंग्लंडच्या व्हल्कन फाउंड्रीत. पुढे-मागे लांब नाक, मध्ये खोली, वळणावर वाकता यावं म्हणून सांध्यांचं अंग. रेल्वेच्या कागदावर त्यांचं नाव पुढे डब्ल्यूसीजी-१ झालं, लोकांनी नाव ठेवलं खेकडा. ही इंजिनं १५०० व्होल्ट डीसीवर चालायची. मुंबई विभागातली डीसी वीज टप्प्याटप्प्याने गेली, २०१६ मध्ये हार्बरवरूनही गेली. खेकडे त्याच्या कितीतरी आधी भंगारात गेले. दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयासारख्या मोजक्या ठिकाणी एखादा उभा आहे. तोही नव्याने रंग दिलेला, पाहुण्यांसारखा स्वच्छ. घाटातला मळलेला खेकडा आता काकांच्या पेटीत आणि त्यांच्या वयाच्या माणसांच्या आठवणीतच.

दख्खनच्या राणीचंही असंच. १ जून १९३० ला ती सुरू झाली तेव्हा सात-सात डब्यांच्या दोन गाड्या होत्या. एक रुपेरी, तिला किरमिजी पट्ट्या. दुसरी गडद निळी, तिला सोनेरी रेघा. डब्यांचे सांगाडे इंग्लंडमधून आले, पण वरचं अंग बनलं आपल्या माटुंगा वर्कशॉपमध्ये. म्हणजे ती सोनेरी रेघ मारणारा हात इथलाच होता. त्याचं नाव आपल्याला कुणी शिकवलं नाही. इंजिनाचं मात्र नाव असतं. साहेब. सिंध. सुलतान.

इथून मूळ मुद्दा सुरू होतो. माणसं.

मॉडेल रेल्वेत इंजिन निम्मंच काम करतं, बाकी निम्मं त्या १९ मिलिमीटरच्या माणसांचं. फलाटावर कुणी नसेल तर स्टेशन मेलेलं दिसतं. ही माणसं डबीत मिळतात, बहुतेक जर्मन कंपन्यांची. ओव्हरकोट, हॅट, हातात चामडी बॅग. ती कर्जतच्या फलाटावर उभी केली तर कशी दिसतील सांगा. म्हणून आपल्याकडचा हौशी माणूस आधी कानशीने हॅटची कड उडवतो. एम-सीलचा कण लावून पागोटं करतो. टिश्यू पेपरचा तुकडा फेविकॉलच्या पाण्यात भिजवून साडीचा पदर किंवा धोतराचा सोगा करतो. हमालाला लाल सदरा, दंडावर पितळी बिल्ल्याचा एक ठिपका. गँगमनच्या खांद्यावर तारेचा तुकडा, तो झाला पहार.

गंमत म्हणजे लहान माणूस रंगवणं ही महाराष्ट्राला नवी गोष्ट नाही. दिवाळीत दारात मातीचा किल्ला आणि त्यावर रंगवलेले मावळे, हे मॉडेलच की. पेणच्या गणपतीच्या कारखान्यात सगळ्यात मानाचं काम डोळ्यांची आखणी. तो कारागीर आखणी करतो तेव्हा मूर्तीत जीव येतो असं म्हणतात. रेल्वेच्या माणसात मात्र उलटं. मोहरीएवढ्या तोंडावर डोळे काढले तर तो भूत बघितल्यासारखा दिसतो. म्हणून डोळे काढायचेच नाहीत, भुवईखाली नुसती सावली सोडायची. जीव त्याच्या उभं राहण्यातून आणायचा, कपड्याच्या रंगातून आणायचा.

भायखळ्याच्या राणीच्या बागेत डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. इमारत १८७२ ला लोकांसाठी उघडली, १९७५ मध्ये भाऊ दाजींचं नाव मिळालं. तिथे मातीच्या छोट्या माणसांची मोठी मांडणी आहे: वेगवेगळ्या जातीजमाती, व्यवसाय, खेड्यातलं काम. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला संग्रहालयाच्या देखरेखीखाली बरीचशी घडली. काम बारीक आहे, पगडीची घडीसुद्धा ओळखता येते. पण इंग्रजांच्या राज्यात माणसाची नोंद कशी व्हायची तेही तिथे दिसतं. अमुक जात, अमुक धंदा. नाव नाही. तरी मी म्हणेन, निदान माणूस ठेवला. त्या काळचा कामकरी नेसायचा कसा, बसायचा कसा, हे बघायला आज आपण त्या काचेपुढेच उभे राहतो.

आता खंडाळ्याच्या घाटाचं उदाहरण घेऊ. बोरघाटातला मार्ग १८५६ ला सुरू झाला, १८६३ ला पूर्ण झाला. चढाचा भाग सुमारे २५ किलोमीटर, २५ बोगदे. कॉलरा, ताप, सुरुंग, कडे. मेलेल्या मजुरांची संख्या इतिहासकार अंदाजाने २४-२५ हजार सांगतात. हा घाट १:८७ मापात केला तर ३०० मीटरही भरत नाही. आणि ती २४ हजार माणसं १९ मिलिमीटरची करून रुळाच्या कडेने आडवी ठेवली, तर रांग साडेचारशे मीटर होते. घाट संपतो, माणसं संपत नाहीत.

हे गणित मी कागदावर दोनदा केलं. त्या घाटाचं मॉडेल कुणी केलं तर तो बोगदा करेल, पूल करेल, इंजिन करेल. ही माणसं कुठे ठेवणार? ठेवणार का? इतिहास लहान करताना आधी काय गळतं ते इथे कळतं.

आता भिवंडी.

आपलं गाव मागावर उभं राहिलं. आधी हातमाग, मग गेल्या शतकात वीज आली आणि पावरलूम. मोमीन विणकर उत्तरेतून आले, तेलंगणातून आले, उत्तर प्रदेश-बिहारमधून आले. पिढ्यान्‌पिढ्या या गावाला झोप लागली ती लूमच्या खटाखट आवाजात. आज गल्लीगल्लीतले कारखाने बंद होतायत, जुने लूम किलोच्या भावाने भंगारात जातायत, जागेवर गोदाम उभं राहतंय. धंद्याची कारणं आहेत, त्यावर मी आधी लिहिलंय, परत लिहीन. आज मागणं वेगळं आहे.

या लूमचा रंग कोणता होता, माहीत आहे? कंपनीचा रंग कधीच उडालेला असायचा. वर तेलाचा काळा थर, त्यावर रुईची पांढरी भुरभुर, धोट्याच्या वाटेवर लाकूड घासून गुळगुळीत तपकिरी झालेलं. भिंतीवर एक पिवळा बल्ब. कामगार बनियन-लुंगीत, कानाला काही नाही. हे रंगवायचं ठरवलं तर आजही जमेल, कारण बघितलेली माणसं जिवंत आहेत. आणखी वीस वर्षांनी आपणही "खेकडा कसा होता?" असं विचारत बसू.

गावात आजवर लूमचं एक संग्रहालय झालं नाही. महापालिकेने करावं, एक बंद कारखाना जसाच्या तसा राखावा, ही मागणी आहेच आणि तिचा पाठपुरावा करू. पण कोथरूडला जे झालं ते कुणाच्या ठरावाची वाट बघत झालं नाही. तोपर्यंत आपल्या हातातलं करू. ज्यांच्या कारखान्यात जुना लूम उभा आहे, त्यांनी तो विकण्याआधी फुटपट्टी लावून मापं घ्यावीत. चारही बाजूंनी फोटो काढावेत, आणि फोटोसाठी पुसू नये. आहे तसा, तेलासकट, रुईसकट. आणि त्या लूमवर ज्याने काम केलं त्याला शेजारी उभं करावं. पाठीमागे त्याचं नाव लिहावं, तो हो म्हणाला तर.

फोटो आणि मापं मला पाठवा. काकांना विचारून ठेवलंय. ते म्हणाले, "इंजिनं खूप झाली. लूम करू. पण माणूस कोणता उभा करायचा ते आधी सांग."