घडीचा चाकू : निवडीमागील इतिहास
घडीच्या चाकूची श्रेष्ठता त्यातील अवजारांच्या संख्येवरून ठरविण्याची प्रवृत्ती सर्वत्र आढळते. इतिहास मात्र या समजुतीला दुजोरा देत नाही. इ.स. १८८९ मध्ये स्विस सैन्याने नवी रायफल स्वीकारली. ती खोलण्यासाठी स्क्रूड्रायव्हर लागे, शिवाय डबाबंद शिधाही उघडावा लागे. म्हणून सैनिकी चाकूत पाते, टोच्या, स्क्रूड्रायव्हर आणि डबा उघडण्याचे साधन एवढीच योजना होती. इ.स. १८९१ पासून कार्ल एल्सेनर यांनी तो सैन्याला पुरविला. त्यांच्या १८९७ च्या ‘अधिकारी चाकू’त लहान पाते व बूच काढण्याचा मळसूत्री काटा आला, परंतु सैन्याने तो दिला नाही, अधिकाऱ्यांनी तो स्वखर्चाने घेतला.

याच सुमारास, १८९० मध्ये, फ्रान्समधील सॅव्हॉय येथे जोसेफ ओपिनेल यांनी लाकडी मुठीचा, एकाच पात्याचा चाकू घडविला. १८९७ पर्यंत त्याची बारा मापे झाली. काम करताना पाते मिटून बोट कापण्याचा धोका मात्र उरला होता. १९५५ मध्ये मार्सेल ओपिनेल यांनी पाते रोखणारे फिरते कडे बसवून त्यावर उपाय योजला.

तात्पर्य, घरी असो वा भटकंतीत, अवजारे मोजण्यापूर्वी आपले काम, हाताचे माप आणि उघडे पाते रोखण्याची सोय पाहणे इष्ट ठरते.